पावावरचं लोणी : उत्तर कारेलियाचं प्रकरण

१९७१ च्या जानेवारीत फिनलंड सरकारकडे एक अर्ज आला. अर्जदार होते उत्तर कारेलिया या पूर्व सीमेवरच्या प्रांताचे गव्हर्नर एसा तिमोनेन, तिथले खासदार आणि स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी. सीमेवरच्या, जंगलाने व्यापलेल्या, गरीब प्रांताने राजधानीकडे एरवी काय मागितलं असतं? रस्ता, कारखाना, रोजगार. या अर्जाचा आशय मात्र असा होता की आमच्याकडची कर्ती माणसं हृदयविकाराने मरताहेत, त्यावर काहीतरी करा.

प्रांताची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ लाख ८० हजार. योएन्सू हे मुख्य शहर, बाकी तळी, जंगल आणि चार-दोन गाई बाळगणारी छोटी शेतं. ३५ ते ६४ वयाच्या दर एक लाख पुरुषांमागे वर्षाला जवळपास ७०० जण करोनरी हृदयविकाराने, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तुंबून, जात होते. आकडा नुसता वाचला तर फार काही वाटत नाही. पण हाच दर तीस वर्षं धरून ढोबळ हिशोब करा: पस्तिशीत पाऊल टाकणाऱ्या दर पाच पुरुषांतला एक जण पासष्टी गाठण्याआधी याच एका रोगाने जाणार. बायकांमध्ये प्रमाण बरंच कमी होतं, पण इतर देशांतल्या बायकांच्या तुलनेत त्यांचाही आकडा मोठाच होता.

मरणारे लोक बैठ्या कामाचे आणि सुटलेल्या पोटाचे असते तर कोडं पडलं नसतं. पण हे लाकूडतोडे होते, शेतकरी होते. हिवाळाभर बर्फात झाडं पाडणारी, दिवसभर अंगमेहनत करणारी, बहुतेक सडपातळ माणसं. "घाम गाळणाऱ्याला हृदयविकार होत नाही" हा समज इथे साफ खोटा ठरत होता. या प्रकरणाकडे परत परत वळावंसं वाटतं त्याचं पहिलं कारण हेच. व्यायामाने ताटातल्या सगळ्या चुका धुऊन निघतात अशी आशा आपल्यापैकी बऱ्याच जणांना असते.

निदान कसं झालं

अर्ज येण्याआधी बारा वर्षं संशय पक्का होत आला होता. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या सुमारे १२,७०० पुरुषांचा माग काढायला सुरुवात केली होती. त्यातले फिनलंडचे दोन गट १९५९ मध्ये घेतले गेले, एक देशाच्या पश्चिमेकडचा आणि एक पूर्वेकडचा. काम पाहत होते मार्टी कार्वोनेन. पूर्वेकडच्या गटात उत्तर कारेलियातलं इलोमान्त्सी होतं. सात देशांतल्या सोळा गटांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंत पूर्व फिनलंड सगळ्यांत वर निघालं आणि ग्रीसचं क्रीट बेट सगळ्यांत खाली.

गंमत अशी की दोन्हीकडचे लोक चरबी भरपूर खात होते. एकूण उष्मांकांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास क्रीटमध्येही चरबीतून येत होते आणि पूर्व फिनलंडमध्येही. फरक होता तो चरबीच्या प्रकाराचा. क्रीटमध्ये ती ऑलिव्हच्या तेलातून यायची, तिथे संपृक्त चरबीचा वाटा आठ टक्क्यांच्या घरात होता. फिनलंडच्या पूर्वेला तो वीस टक्क्यांच्या वर होता, कारण चरबी म्हणजे लोणी, साय, निर्भेळ दूध आणि डुकराचं मांस. कीज यांनी नेमके हेच सात देश का निवडले, यावर पुढे खूप टीका झाली आणि ती अगदीच निराधार नाही. पण उत्तर कारेलियापुरतं बोलायचं तर हा इशारा बरोबर निघाला.

इथे जरा थांबून शरीरात काय होतं ते पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' म्हणतात त्या, कोलेस्टेरॉलचे कण रक्तातून ओढून घेणारी जणू दारं असतात. आहारात संपृक्त चरबी वाढली की ही दारं कमी होतात. मग ते कण रक्तात जास्त काळ फिरत राहतात आणि त्यातले काही धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात. शरीर त्यांच्याशी झुंजतं, तिथे सूज राहते, चरबीचा आणि मेलेल्या पेशींचा गर साठतो, वर पातळ कवच धरतं. एखाद्या दिवशी ते कवच फुटतं, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि हृदयाच्या त्या भागाचा पुरवठा तुटतो. रक्तदाब जास्त असेल तर अस्तराला इजा लवकर होते. तंबाखूचा धूर अस्तरही बिघडवतो आणि गुठळीही लवकर धरायला लावतो. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, असं आपण म्हणतो. या रोगाची चाल उलटी आहे. तो वीस-तीस वर्षं मुंगीच्या पावलांनी येत असतो, आपल्याला दिसतं ते शेवटचं हत्तीचं पाऊल.

१९७२ च्या वसंतात पहिली मोठी पाहणी झाली. २५ ते ५९ वयाच्या लोकांमधून यादृच्छिक नमुना घेऊन वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजलं आणि लांबलचक प्रश्नावली भरून घेतली. पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल निघालं ६.९ मिलिमोल, म्हणजे आपल्याकडच्या अहवालांच्या भाषेत सुमारे २६५. ही सरासरी होती. आजचा कोणताही डॉक्टर ज्या आकड्यावर भुवया उंचावेल, तो तिथल्या सामान्य माणसाचा आकडा होता. सरासरी रक्तदाब १४९/९२. निम्म्याहून थोडे जास्त पुरुष धूम्रपान करणारे. पावाला लोणी लावणारे दहापैकी आठ-नऊ. स्वयंपाकही बहुतेक घरांत लोण्यातच व्हायचा, वनस्पती तेल जवळजवळ कुणीच वापरत नव्हतं. रोज भाजी खाणारे पुरुष दहात एक. भाजीपाला हा गुराढोरांचा चारा, असं तिथले पुरुष सरळ म्हणत.

लोणी म्हणजे काय होतं

आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात लोणी ही एक ओळ असते. उत्तर कारेलियात ते युद्धानंतरच्या सुस्थितीचं चिन्ह होतं. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला, चार लाखांहून जास्त लोक विस्थापित झाले. या विस्थापितांना आणि रणांगणावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने शेतजमिनी दिल्या. तुकडे लहान, हवामान कडक. अशा जमिनीवर धान्यापेक्षा गाय भरवशाची. दुधातून रोजचा पैसा मिळे आणि रोजचं जेवणही. त्यात डेअऱ्या दुधाला भाव द्यायच्या तो स्निग्धांश पाहून. टंचाईचे दिवस पाहिलेल्या माणसाने पावावर जाडसर लोणी थापणं ही त्याच्यासाठी बेफिकिरी नव्हती. दिवस पालटल्याची ती खूण होती. त्याला "लोणी सोडा" म्हणणं म्हणजे त्याच्या गोठ्यावर आणि त्याच्या जिद्दीवर बोट ठेवणं होतं.

हे ज्याला उमगलं नसतं त्याचा प्रकल्प पहिल्याच वर्षी आटोपला असता.

कुणाला वाचवायचं?

प्रकल्पाची सूत्रं दिली गेली पेक्का पुस्का नावाच्या विशीतल्या डॉक्टरकडे. वैद्यकशास्त्राबरोबर त्याने समाजशास्त्रांचीही पदवी घेतली होती आणि ती इथे उपयोगाला आली. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ सल्ल्याला होते. तुलनेसाठी शेजारचा कुओपियो प्रांत घेतला: लोक तसेच, आहार तसाच, फक्त प्रकल्प नाही.

पहिला मोठा निर्णय कुणावर काम करायचं याचा होता. वैद्यकीय शहाणपण सांगत होतं की ज्यांचं कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब फार जास्त आहे त्यांना शोधा, त्यांच्यावर उपचार करा. रक्तदाबाच्या बाबतीत हे केलंही. रुग्णांची नोंदवही ठेवली, परिचारिकांनी नियमित तपासण्या सुरू केल्या. पण आहाराच्या बाबतीत ही वाट अपुरी होती, कारण धोक्याची रेघ कुठेही ओढली तरी जवळजवळ सगळा प्रांत रेघेच्या वर येत होता. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी पुढे ऐंशीच्या दशकात हाच मुद्दा नेमका मांडला. फार मोठा धोका असलेली माणसं थोडी असतात, मध्यम धोक्याची खंडीभर असतात, म्हणून एकूण मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू या मधल्या गर्दीतून येतात. सगळ्यांचीच सरासरी थोडी खाली सरकवली तर मृत्यू पुष्कळ कमी होतात. यातली अडचणही रोज यांनीच सांगून ठेवली आहे. एकेका माणसाला त्यातून होणारा फायदा इतका लहान असतो की त्याने त्यासाठी जिवाचं रान का करावं, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते उत्तर कारेलियाची खरी हुशारी या प्रश्नाच्या उत्तरात आहे. लोकांना जिवाचं रान करायला लागू नये अशी व्यवस्था त्यांनी उभी केली.

कालवण तेच, भांडं तेच

पत्रकं छापली, व्याख्यानं दिली, वर्तमानपत्रांत लिहिलं. लोकांना कळलं. कळणं आणि वळणं यातलं अंतर मात्र तेवढंच राहिलं. मग पुस्का आणि त्याचे सहकारी मार्था संघटनेकडे गेले. गृहिणींची ही संघटना १८९९ पासूनची, गावोगाव शाखा असलेली. तिच्या बायकांनी दुपारच्या वेळी जेवणाचे मेळावे भरवायला सुरुवात केली आणि त्यांना नाव दिलं दीर्घायुष्याच्या मेजवान्या. थोडं बोलणं, जास्त रांधणं, मग सगळ्यांनी मिळून जेवणं.

तिथे शिजवलं ते ओळखीचंच. कारेलियाचं जुनं मांसाचं कालवण असतं, डुकराचं आणि गाईचं मांस, पाणी आणि मीठ एवढंच घालून भट्टीत तासन्‌तास मंद शिजवलेलं. त्यातलं चरबीचं मांस कमी केलं, मीठ कमी केलं आणि बटाटा, गाजर, रुटाबागा हा सलगमाच्या जातीचा कंद घातला. ताटात नवा पदार्थ आला असता तर नवऱ्याने आधी नाक मुरडलं असतं. इथे रोजच्याच पदार्थात भाजी शिरली होती आणि कालवण लागतही चांगलं होतं.

मेजवान्यांबरोबर गावपुढारी आले. गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशा शेकडो साध्या लोकांना प्रकल्पाने हाताशी धरलं. दुकानदार, शिक्षक, कुठल्या मंडळाची चिटणीस. त्यांच्याकडून अपेक्षा छोटी होती: स्वतः बदला आणि ओळखीच्यांशी बोलत राहा. पुढच्या काळात गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लागल्या. सगळ्या गावाचं मोजायचं, दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, ज्या गावाची सरासरी जास्त उतरेल ते जिंकलं. काय खायचं हे तोवर सांगायची गरजच उरली नव्हती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. हवी होती ती ईर्ष्या. टेलिव्हिजनवर पुस्का स्वतः आला, स्वयंसेवकांचा एक गट कॅमेऱ्यासमोर धूम्रपान सोडताना, आहार बदलताना देशाने आठवड्यामागून आठवडे पाहिला.

गोठा, कारखाना, कायदा

घरातलं ताट बदलायला निघालं की हात दुकानाच्या फळीपर्यंत जातो आणि तिथून थेट कारखान्यापर्यंत. कमी चरबीचं दूध प्या म्हणायचं आणि दुकानात ते मिळतच नसेल तर? सुरुवातीला बऱ्याच गोष्टी मिळत नव्हत्या. स्थानिक सॉसेज बनवणाऱ्यांची मनधरणी करण्यात आली. एका कारखान्याने डुकराच्या चरबीचा काही भाग काढून त्या जागी मश्रूम घातले आणि त्या सॉसेजला गिऱ्हाईकही मिळालं.

दूध उत्पादकांशी भांडण मात्र खरंखुरं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. प्रांताचं पोट ज्या धंद्यावर, त्याच धंद्याच्या मुख्य मालाला तुम्ही रोगाचं कारण म्हणताय. डेअरी संघांनी लोण्याच्या बाजूने जाहिराती केल्या, शास्त्रज्ञांवर टीका केली. त्या काळी लोणी आणि वनस्पती तेल एकत्र करून विकण्यावर कायद्याची आडकाठी होती. ती पुढे उठली. दुधाचा भाव स्निग्धांशाऐवजी प्रथिनांकडे पाहून ठरू लागला, तेव्हा कमी चरबीचं दूध विकणं शेतकऱ्याच्याही हिताचं झालं. हा बदल कोणत्याही पोस्टरवर दिसत नाही, पण शंभर पोस्टरांपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं.

त्याच सुमाराला बेरींचा प्रकल्प सुरू झाला. फिनलंडच्या लहान उन्हाळ्यात संत्री-केळी पिकणार नाहीत, पण झुडपांवर घोसांनी येणारी करंट, स्ट्रॉबेरी, जंगलातल्या बिलबेरी आणि लिंगनबेरी उत्तम येतात, आणि गोठवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. ज्यांच्या दुधाचा बाजार आक्रसत होता अशा शेतकऱ्यांना बेरींकडे वळायला सरकारने मदत केली. पाठोपाठ थंडीत तग धरणारी मोहरीवर्गीय तेलबी देशात पेरली जाऊ लागली आणि रेपसीडचं तेल घरचं झालं. सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्वयंपाकघरात जवळजवळ नसलेलं तेल नव्वदच्या दशकात निम्म्याच्या आसपास घरांत पोचलं.

शाळांनीही हात लावला. फिनलंडमध्ये १९४८ पासून सगळ्या शाळकरी मुलांना फुकट दुपारचं जेवण मिळतं. तिथलं दूध आणि पावावरचा थर बदलला की एका पिढीची जीभ बदलते.

मिठाचं काम याहून संथ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माणशी रोज सुमारे १२ ग्रॅम मीठ पोटात जात होतं, आणि त्यातलं बरंचसं घरच्या मिठाच्या भांड्यातून येत नव्हतं. ते पाव, सॉसेज, चीज यांतून नकळत येत होतं. १९९३ मध्ये पाकिटावर मिठाचं प्रमाण छापणं सक्तीचं झालं आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मीठ असलेल्या मालावर "जास्त मीठ" असा शिक्का आला. तो शिक्का नको म्हणून उत्पादकांनीच पावातलं मीठ उतरवलं. गिऱ्हाइकाच्या जिभेला कळलंही नाही. पुढच्या दशकात रोजचं मीठ जवळपास एक चतुर्थांशाने खाली आलं होतं.

आणि एक गोष्ट कुणाच्याच आराखड्यात नव्हती. फिनिश लोक कॉफीचे अट्टल शौकीन. जुनी पद्धत म्हणजे भरड पूड पाण्यात उकळायची आणि तशीच ओतायची. अशा न गाळलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल चढतं हे ऐंशीच्या दशकात समजलं; तिच्यात उरणारा कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक त्यामागे आहे, हे त्यानंतर. कागदी गाळणी तो अडवते. तोवर सोयीसाठी म्हणून लोक गाळणीच्या कॉफीकडे वळू लागलेच होते. कोलेस्टेरॉलच्या उतरणीतला थोडा वाटा या कागदाच्या तुकड्याचा आहे.

काय हाती लागलं

पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल १९७२ च्या ६.९ वरून २००७ पर्यंत ५.४ वर आलं, म्हणजे २६५ वरून २१० च्या खाली. रक्तदाब १३८/८३ वर. पावाला निव्वळ लोणी लावणारे शंभरात पाचाच्या आसपास उरले. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या आसपास आलं, बायकांमध्ये मात्र वाढलं. ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांत करोनरी हृदयविकाराचे मृत्यू चार दशकांत ८० टक्क्यांहून जास्त घटले.

अशा आकड्यांवर पहिली शंका घ्यायची ती ही: माणसं हृदयविकाराने मेली नाहीत, मग कशाने मेली? त्याच वयोगटात सर्व कारणांनी होणारे मृत्यूही निम्म्याहून अधिक घटले. एका दाराने वाचलेली माणसं दुसऱ्या दाराने गेली, असं घडलं नाही. फिनलंडमधल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान १९७१ मध्ये ६६ होतं, २००६ पर्यंत ते ७६ च्या जवळ पोचलं.

दुसरी शंका जास्त टोकदार आहे. हे आहाराने झालं की नव्या औषधांनी, शस्त्रक्रियांनी? यावर चांगलं काम झालं आहे. १९७२ ते १९९२ या वीस वर्षांत कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांत जेवढा बदल झाला, त्यावरून पुरुषांचे मृत्यू ४४ टक्क्यांनी घटायला हवे होते. प्रत्यक्षात ५५ टक्क्यांनी घटले. म्हणजे घटीचा मोठा भाग या तीन गोष्टींतून समजतो. १९८२ ते १९९७ या नंतरच्या काळाचा हिशोब केला तर उपचारांचा वाटा सुमारे २३ टक्के निघतो आणि धोक्याच्या घटकांतल्या सुधारणेचा निम्म्याहून अधिक. या तिघांत सगळ्यांत मोठा वाटा कोलेस्टेरॉलचा, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं सर्रास वापरात येण्याच्या बरंच आधी ते उतरू लागलं होतं.

तिसऱ्या शंकेला समाधानकारक उत्तर नाही. कुओपियोतही सगळं सुधारलं. सत्तरच्या दशकात उत्तर कारेलिया पुढे होता, नंतर उरलेला देश त्याच चालीने निघाला आणि दोघांतलं अंतर मिटत गेलं. टीकाकार म्हणतात, मग प्रकल्पाचं श्रेय किती? एकच प्रांत, एकच तुलनेचा प्रांत, चिठ्ठ्या टाकून केलेली निवड नाही. शास्त्रीय प्रयोग म्हणून हा कच्चाच. पण १९७७ मध्ये पहिली पाच वर्षं संपल्यावर प्रकल्पाने आपले धडे सगळ्या देशाला द्यायचं ठरवलं, टेलिव्हिजन तर कुओपियोतही दिसत होता. प्रयोग शुद्ध राहावा म्हणून शेजारच्या प्रांताला लोणी खाऊ द्यायचं का, हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो. त्यांनी तुलनेचं पाणी गढूळ होऊ दिलं. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे, पण त्याची किंमत म्हणून "नेमकं किती टक्के कशामुळे" हे भांडण कायमचं उघडं राहिलं, हे मान्य केलं पाहिजे.

पूर्व फिनलंडच्या लोकांत हृदयविकाराकडे झुकणारी आनुवंशिक घडण काही प्रमाणात आहेच. चाळीस वर्षांत ती काही बदललेली नाही.

जे जमलं नाही

वजन. १९७२ चे लाकूडतोडे सडपातळ होते; यंत्रं आली, गाड्या आल्या, आणि त्यांची मुलं त्यांच्यापेक्षा जाड झाली. हृदयाची काळजी घेता घेता मधुमेहाचा दरवाजा किलकिला राहिला.

त्यावर फिनलंडमध्येच पुढे एक वेगळा अभ्यास झाला, याक्को तुओमिलेह्तो यांच्या नेतृत्वाखाली. ते उत्तर कारेलियाच्या जुन्या चमूतले. रक्तातली साखर वाढू लागलेली पण मधुमेह न झालेली, वजन जास्त असलेली ५२२ माणसं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली. पहिल्या प्रकल्पातली उणीव इथे भरून काढली होती. एका गटाला पाच साधी उद्दिष्टं दिली: वजन पाच टक्क्यांनी कमी, चरबी उष्मांकांच्या तीस टक्क्यांच्या आत, संपृक्त चरबी दहाच्या आत, दर हजार उष्मांकांमागे १५ ग्रॅम चोथा, आणि रोज अर्धा तास हालचाल. २००१ मध्ये निकाल आला. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. पहिल्या वर्षात त्यांचं वजन सरासरी चार किलोच उतरलं होतं. पाचपैकी चार उद्दिष्टं ज्यांनी गाठली, त्यांच्यापैकी एकालाही त्या काळात मधुमेह झाला नाही, मग ते कोणत्याही गटातले असोत.

पण इथे त्या गटातल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात सातेक वेळा आहारतज्ज्ञ स्वतः भेटत होता. अडीचशे लोकांना हे जमतं. पन्नास लाखांच्या देशाला पाव, दूध आणि तेल यांतूनच काहीतरी करावं लागतं.

दर पाच वर्षांनी होणारी पाहणी चालू राहिली. २०१२ च्या फेरीत सरासरी कोलेस्टेरॉल पस्तीस वर्षांच्या उतरणीनंतर पहिल्यांदा थोडं चढलेलं आढळलं. मधल्या काळात कर्बोदकं टाळून चरबी खाण्याची लाट आली होती आणि लोणी फळीवर पुन्हा मानाने बसलं होतं. पहिल्या पाहणीचा तरुण डॉक्टर एव्हाना देशाच्या आरोग्य संस्थेचा महासंचालक झाला होता, सहासष्ट वर्षांचा. १९७२ च्या प्रश्नावलीत असलेला एक प्रश्न त्या फेरीतही होता: पावाला काय लावता?